चिठ्ठीवर अमेनोरिया लिहिलंय, म्हणून काय झालं?

आमचं मेडिकल आहे, बेळगावच्या जरा बाहेर खानापूर रोडच्या बाजूला, त्यामुळं अर्धं गिऱ्हाईक शहरातलं आणि अर्धं आजूबाजूच्या खेड्यातलं. बाजारात भाजी घालून परत जाताना औषध घेऊन जाणाऱ्या बायका, पोरांना ट्यूशनला सोडून आलेल्या आया, कारखान्यातनं सुटून आलेल्या पोरी, असं सगळं. मी डी.फार्म केलंय आणि दुपारनंतर काउंटरला मीच असते, म्हणून आमच्या ह्यांच्यासमोर जे बोलत नाहीत ते बायका माझ्याशी बोलतात. आणि आता एक नवीनच झालंय, चिठ्ठी देतानाच मोबाईल पण पुढं करतात, डॉक्टरांनी लिहिलेला शब्द गूगलला घालून बघितलेला असतो आणि तोंड एवढंसं झालेलं असतं.

मध्यंतरी येळ्ळूरकडच्या एक मावशी सुनेचं डिस्चार्ज कार्ड घेऊन आल्या. बाळंतीण घरी, नातू धडधाकट, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या न्यायच्या एवढंच काम. पण कार्डावर वरच्याच ओळीत लिहिलेलं, नऊ महिने अमेनोरिया, पोटात कळा. मावशींच्या भाच्यानं ते वाचून दाखवलेलं आणि वर सांगितलेलं की हा पाळीचा रोग असतो. मावशी मला म्हणतात, "काय सांगूलालेत गे हे, नऊ महिने रोग होता आणि आम्हाला कुणी सांगितलं नाही?" मला हसू आवरेना. म्हटलं मावशी, तुमचा नातूच तो रोग. पोटात पोर असताना पाळी येत नाही, ते नऊ महिने त्यांनी तसे लिहिलेत.

तर हा शब्द मूळचा ग्रीक, अ म्हणजे नाही, मेन म्हणजे महिना, रिया म्हणजे वाहणं. महिन्याचं वाहणं नाही. बस, एवढाच अर्थ. आपण घरात "पाळी आली नाही" म्हणतो, तेच डॉक्टर चिठ्ठीवर लिहितात, त्यात कारण काहीच सांगितलेलं नसतं. ताप आला असं लिहिलं तर तो मलेरियाचा की टायफॉइडचा हे कळतं का, तसंच आहे हे. पण तापाला कुणी घाबरत नाही कारण तो शब्द आपला आहे, आणि अमेनोरिया म्हटलं की काहीतरी मोठं वाटतं. मला सगळ्यात राग कशाचा येत असेल तर तो याचाच, की बाई दवाखान्यात जाऊन "मला पाळी येत नाही" म्हणून सांगते आणि तिथनं बाहेर पडताना तिचंच वाक्य इंग्रजीत लिहून घेऊन येते, आणि तिला वाटतं आता निदान झालं, आता गोळ्या घ्यायच्या. निदान कुठं झालंय अजून.

आपल्याकडच्या दवाखान्यात हा शब्द सगळ्यात जास्त गरोदर बाईच्याच कागदावर असतो. दीड महिन्याचा अमेनोरिया, तीन महिन्यांचा अमेनोरिया, असं. कारण बाई पहिल्यांदा येते तेव्हा दिवस गेलेत हे अजून तपासून ठरायचं असतं, नक्की ठाऊक असतं ते एवढंच की शेवटची पाळी अमुक तारखेला आली आणि नंतर नाही. ती तारीख म्हणजे एलएमपी, आणि सगळा हिशोब तिच्यापासनं, २८० दिवस, चाळीस आठवडे. आता गंमत अशी की दिवस राहतात ते पाळीनंतर साधारण दोन आठवड्यांनी, म्हणजे हिशोबातले पहिले दोन आठवडे पोटात काही नसतंच. हे घरात कुणाला माहीत नसतं आणि मग भांडणं होतात बघा. लग्नाला महिना झालाय आणि स्कॅनमध्ये सहा आठवडे कसे काय लिहिलंय म्हणून सासू सुनेकडं बघायला लागते. अहो, लग्नाच्या आधी दहा-बारा दिवस पाळी आली असेल तर लग्नाला महिना उलटेपर्यंत कागदावर सहा आठवडे होणारच की! हे मी काउंटरवर कॅलेंडर काढून समजावून सांगितलेलं आहे, आणि एका नवऱ्यालाच सांगितलंय, तो बिचारा गुपचूप विचारायला आला होता.

बाळंत झाल्यावर पण पाळी लांबते. अंगावर पाजत असेल तर मेंदूतनं प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन जास्त सुटतं आणि ते बीजकोशाला गप्प बसवतं. यावर घरोघरी एक समजूत पक्की आहे की पाजतीय तोपर्यंत दिवस जात नाहीत. अर्धं खरं आहे हे. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी एकदाही आलेली नाही, आणि बाळाला दिवसरात्र फक्त अंगावरचंच दूध, पाणी नाही, पेज नाही, गाईचं दूध नाही, अशा तिन्ही गोष्टी एकत्र असतील तर शंभरात अठ्ठ्याण्णव जणींना दिवस जात नाहीत. तिन्हीतली एक सुटली की भरवसा सुटला. आणि बीज पाळीच्या आधी सुटतं, पाळी नंतर, त्यामुळं "अजून पाळीच आली नाही की" म्हणत दुसऱ्यांदा तायी कार्ड, म्हणजे गरोदर बाईचं सरकारी कार्ड, काढायला गेलेल्या बऱ्याच जणी मला माहीत आहेत.

तसंच ते दिवस राहू नयेत म्हणून घ्यायचं अंतरा इंजेक्शन. सरकारी दवाखान्यात २०१७ पासून फुकट मिळतं, तीन महिन्यांतनं एकदा घ्यायचं. ते घेणाऱ्या बायकांची पाळी आधी वेडीवाकडी होते, मग बऱ्याच जणींची बंदच होते, वर्षभर घेतलं तर निम्म्याच्या आसपास. ते रक्त आत साठून राहत नाही. मुळात गर्भाशयाचं अस्तरच पातळ राहतं, बाहेर पडायला काही नसतंच. पण हे आधी नीट सांगितलेलं नसलं की बाई घाबरून दुसरं इंजेक्शन चुकवते आणि मग खरंच दिवस जातात. एवढं मात्र आहे की इंजेक्शन बंद केल्यावर लगेच मूल हवं म्हटलं तर होत नाही, सात-आठ-दहा महिने जातात, हे धरून चालायचं.

आता जिथं खरंच काळजी करायची तिकडं येते.

डॉक्टर लोक याचे दोन भाग करतात, पाळी कधीच आली नाही तो एक, आणि येत होती पण थांबली तो दुसरा. पहिल्याबद्दल आपल्याकडं बोलणंच होत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. मुलगी पंधरा वर्षांची झाली आणि न्हाण आलं नाही तर दाखवायचं. आणि तेरा झाली तरी छाती वगैरे काहीच वाढ दिसत नसेल तर पंधराची वाट बघत बसायचं नाही, तेव्हाच जायचं. आया म्हणतात आमच्या घराण्यात उशिराच येतं, मला पण उशिरा आलं होतं. असतं तसं, नाही असं नाही, पण ते डॉक्टरांनी बघून म्हणू दे.

खानापूरच्या पुढच्या एका गावातली बाई पोरीसाठी पोटदुखीची गोळी न्यायला यायची. दर महिन्याला. पोरीच्या ओटीपोटात चार-पाच दिवस जोरात दुखायचं, मग आपोआप थांबायचं, परत पुढच्या महिन्यात. एकदा लघवी अडली म्हणून लघवीच्या इन्फेक्शनचं औषध घेऊन गेली. मी विचारलं पाळी कधी आलती, तर म्हणाली अजून न्हाणच आलं नाही तिला. मला शंका आली आणि म्हटलं काकी आता गोळी नको, सिव्हिलला नाहीतर कुठल्याही लेडी डॉक्टरला आज दाखवा, सोनोग्राफी करा. पोरीची पाळी सुरू झालेलीच होती, फक्त बाहेर यायची वाट पातळ पडद्यानं बंद होती, आणि रक्त महिन्या महिन्याला आत साठून मूत्राशयावर दाबत होतं. छोटंसं ऑपरेशन, पडद्याला छेद दिला, झालं. हे दुर्मिळ आहे पण एवढं सोपं लक्षण दुसरं नसेल, महिन्याला ठरल्यासारखं दुखतंय आणि रक्त नाही. त्या काकी नंतर पेढे घेऊन आल्या होत्या, मी घेतले पण.

काही मुलींना गर्भाशयच तयार झालेलं नसतं. साधारण साडेचार-पाच हजार मुलींत एक. बीजकोश चांगले असतात म्हणून छाती, केस, उंची सगळं इतर मुलींसारखं, कुणाला संशय यायचं कारण नाही, फक्त पाळी नाही. आणखी काही मुलींच्यात एक एक्स गुणसूत्र कमी असतं, टर्नर सिंड्रोम म्हणतात त्याला, दोन-अडीच हजारांत एक, त्यात उंची कमी राहते आणि बीजकोश काम करत नाहीत. आणि काही वेळा गुणसूत्रं एक्स-वाय असतात पण शरीर त्या पुरुषी हार्मोनला दादच देत नाही, म्हणून बाळ मुलगी म्हणून जन्मतं, मुलगी म्हणून वाढतं, आणि पाळीच्या वयाला पहिल्यांदा कळतं. हे सगळं सोनोग्राफी आणि रक्ताच्या तपासणीत कळण्यासारखं आहे. पण आपल्याकडं काय करतात? "लग्न केलं की सुरळीत होतंय." हे वाक्य ज्यानं काढलं त्याला माझा दंडवत. गर्भाशय नसलेल्या मुलीचं लग्न लावून दिलं की गर्भाशय येतं का? मग वर्षभरात पोरगी माहेरी, आणि दोष तिलाच. आधी कळलं असतं तर तिला स्वतःला माहीत असतं, ठरवणाऱ्यांना सांगता आलं असतं, तिचं बीज चांगलं असेल तर २०२१ च्या सरोगसी कायद्यात गर्भाशय नसणं हे कारण चालतं, दत्तक आहे, नाहीतर लग्नच करायचं नाही असंही एखादी ठरवेल, तिचं ती बघेल. लपवून काय मिळतं सांगा मला.

दुसरा भाग आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. पाळी वेळच्या वेळी येत होती आणि तीन महिने आली नाही, किंवा पहिल्यापासनंच मागंपुढं होणारी होती आणि सहा महिने आली नाही, तर तो अमेनोरिया. पंधरा दिवस लांबली ह्याला अमेनोरिया म्हणत नाहीत, पण लांबल्यावर पहिली तपासणी कुठली तर लघवीची. कुणीही असू दे. चाळीस वर्षांची असू दे, "आमचं तसलं काही नाही" म्हणणारी असू दे. आशाताईंकडं निश्चय किट फुकट मिळतं, आमच्याकडं पण स्वस्तातलं आहे. मी आधी ते हातात देते, मग बाकीचं बोलते. काही जणींना राग येतो, येऊ दे.

कारण इथंच ती "पाळी यायची गोळी" येते. ह्या एका नावाखाली लोक दोन वेगवेगळी औषधं मागतात. एक प्रोजेस्टेरॉन ह्या हार्मोनच्या जातीची गोळी, ती पाच-दहा दिवस घेऊन थांबवली की आठवड्या-दीड आठवड्यात अस्तर गळून रक्त जातं. आणि दुसरी म्हणजे गर्भ पाडायची गोळी. पहिली दिवस गेलेल्या बाईला देऊन काही उपयोग होत नाही, पाळी येत नाहीच, उगाच पंधरा दिवस वाया. आणि दुसरी चिठ्ठीशिवाय देता येत नाही आणि मी देत पण नाही, कितीही ओळखीचं असू दे. गर्भपात १९७१ च्या कायद्यानं चालतो, लाजायचं काही नाही, पण डॉक्टरनं आधी बघायला पाहिजे की गर्भ पिशवीतच आहे ना. गर्भाशयाच्या नळीत असला तर त्या गोळीनं तो जात नाही, बाईला वाटतं झालं मोकळं आणि तिकडं नळी फुटते. तशा बाईला ॲम्ब्युलन्समध्ये घालताना मी बघितलंय.

पहिल्या गोळीचं पण एक सांगते. डॉक्टर ती देतात तेव्हा बऱ्याचदा ती तपासणीच असते. गोळी थांबवल्यावर रक्त गेलं तर कळतं की शरीरात इस्ट्रोजेन हे बायकी हार्मोन आहे, अस्तर तयार होतंय, वाट मोकळी आहे, फक्त बीज सुटत नाही. नाही गेलं तर दुसरीकडं शोधायचं. म्हणून "गोळी घेतली, पाळी आली, बरी झाले" असं नसतं ते. तीच गोळी दर दोन महिन्यांनी स्वतःच्या मनानं घेत राहिलं तर मूळ कारण आत तसंच. आणि गणपती, नवरात्र, यल्लम्माच्या डोंगराला जायचं, भावाचं लग्न, यासाठी पाळी पुढं ढकलायची गोळी मागतात ती पण ह्याच घराण्यातली. एखाद्या वेळी घेतली तर हरकत नाही, तीन दिवस आधी सुरू करतात आणि बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. पण पायात रक्ताची गाठ झालेली, लिव्हरचा त्रास असलेली, अशा बायकांनी विचारल्याशिवाय घेऊ नये. सणासुदीच्या आठवड्यात ह्या गोळीचा खप बघितला तर कळेल देवाला किती बायका गोळ्या खाऊन भेटायला जातात. देवीलाच जाताना तिच्याच जातीची अडचण का होते हे मला आजतागायत कळलं नाही, पण तो विषय निराळा.

थांबलेल्या पाळीत पहिला नंबर पीसीओएसचा, म्हणजे बीज वेळच्या वेळी न सुटण्याच्या बिघाडाचा. १९३५ ला स्टाईन आणि लेव्हेंथल ह्या दोघा अमेरिकन डॉक्टरांनी ते पहिल्यांदा नीट लिहून ठेवलं, आता जागतिक आरोग्य संघटना म्हणते की मूल होण्याच्या वयातल्या शंभरातल्या दहा ते तेरा बायकांना ते असतं. नावात सिस्ट आहे म्हणून पोरी विचारतात ऑपरेशन करून गाठी काढायच्या काय. त्या गाठी नव्हेत, अर्धवट वाढून थांबलेली बीजं आहेत ती, सोनोग्राफीत माळेसारखी दिसतात. बीज सुटत नाही म्हणून पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात, वजन वाढतं, वाढलेल्या वजनानं ते आणखी बिघडतं. वजन थोडं जरी कमी झालं, पाच-दहा टक्के, तरी बऱ्याच जणींची पाळी परत रुळावर येते. आणि "येत नाही तेच बरंय, कटकट गेली" म्हणणाऱ्या पोरी पण आहेत, त्यांना सांगते की अशात अस्तर आत वाढतच राहतं आणि वर्षानुवर्षं तसं राहणं गर्भाशयाला चांगलं नाही, कॅन्सरपर्यंत जाऊ शकतं. म्हणून डॉक्टर तीन-चार महिन्यांतनं एकदा तरी पाळी आणवतात.

याच्या उलट सुकलेल्या पोरी. बेळगावात भरतीचं वेड आहे, मराठा रेजिमेंटचं सेंटरच इथं, आणि २०१९ ला मिलिटरी पोलिसात मुलींची भरती निघाली तेव्हा त्यांचा मेळावा पण बेळगावातच झाला. तेव्हापासनं पहाटे ग्राउंडवर पोरी पण पळताना दिसतात, बघून बरं वाटतं. पण पहाटे चहावर पळायचं, दुपारी अर्धी भाकरी, संध्याकाळी परत ग्राउंड, आणि मग पाळी बंद. ट्रेनर म्हणतो फिट झालीस. फिट नव्हे, शरीराला पुरेल एवढं खाणं मिळत नाही म्हणून मेंदूनं पहिलं बिनगरजेचं खातं बंद केलं. इस्ट्रोजेन कमी झालं की हाडं कच्ची होतात आणि नडगीचं हाड पळता पळता चिरतं, आणि भरती तिथंच संपते. त्यांना गोळी लागत नाही, जेवण लागतं. शेंगदाण्याची चटणी, अंडी, दोन भाकरी जास्त.

थायरॉईड सगळ्यांना माहीत आहे, त्याच्यावर लिहीत नाही. पण एक कारण मी काउंटरवरच्या अनुभवानं सांगते जे कुणाच्या डोक्यात येत नाही. ॲसिडिटीची कॅप्सूल. नुसती नव्हे, जिच्यात डॉम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड मिसळलेलं असतं ती. पोटाला बरं वाटतं म्हणून बायका महिनोन्‌महिने घेतात, जुनी चिठ्ठी दाखवून परत परत नेतात. ह्या औषधांनी प्रोलॅक्टिन वाढतं, तेच ते पाजणाऱ्या आईचं, आणि पाळी थांबते, काही जणींना पोर नसताना छातीतनं दूध येतं. तेव्हा ती बाई घाबरून जाते, मेंदूत गाठ असेल काय म्हणून, आणि असतेही कधी कधी, म्हणून तपासायचं, पण आधी कॅप्सूलचं पाकीट डॉक्टरांना दाखवायचं. डोक्याच्या आजाराच्या काही गोळ्यांनी पण असंच होतं, त्या मात्र आपल्या मनानं अजिबात बंद करायच्या नाहीत, डॉक्टर बदलून देतात.

गर्भाशयाचा टीबी हा आपल्या देशात अजून आहे. खोकला नाही, काही नाही, नुसती पाळी कमी कमी होत बंद होते आणि मूल राहत नाही. आतलं अस्तरच चिकटून खरवडल्यासारखं होतं. सहा महिन्यांचं औषध सरकारकडनं फुकट मिळतं, पण उशीर झाला असेल तर टीबी बरा होतो आणि अस्तर परत येत नाही. क्युरेटिंग जास्त वेळा झालं तरी तसं चिकटतं.

आणि एक, ज्याच्यासाठी खरं मला हे सगळं लिहावंसं वाटलं. बाळंतपणात अंगावरनं फार गेलं, बाई वाचली, घरी आली, पण दूध आलंच नाही. मग पाळी पण आली नाही. मग केस गळतात, काखेतले पण जातात, थंडी सोसवत नाही, सारखी गळून झोपून असते, आणि घरचे म्हणतात बाळंतपण बाधलं, आळशी झाली. याला शीहान सिंड्रोम म्हणतात, हॅरोल्ड शीहान ह्या इंग्लंडच्या डॉक्टरनं १९३७ ला लिहून ठेवलेला. गरोदरपणात मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी मोठी झालेली असते, तिला रक्त जास्त लागतं, आणि नेमकं रक्त गेलं की ती वाळते. मग ती ज्यांना ज्यांना हुकूम सोडायची ते सगळे थांबतात, दूध, पाळी, थायरॉईड, सगळे. कधी कधी दहा-पंधरा वर्षं कळत नाही आणि एखाद्या साध्या तापात बाई बेशुद्ध पडते. गोळ्यांनी ती माणसात येते, जन्मभर घ्याव्या लागतात पण येते. आणि हे ज्यामुळं होतं ते रक्त जाणं थांबवण्याचं एक मोठं काम आपल्याच जिल्ह्यात झालंय हे फार थोड्यांना माहीत आहे. तेव्हाच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत, २००२ ते २००५ ह्या काळात, इथल्या जेएनएमसी मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर १६२० बाळंतिणींवर अभ्यास केला. एएनएम नर्सनी बाळंतपण झाल्या झाल्या मिसोप्रोस्टॉलची गोळी दिली, तर जास्त रक्त जाणाऱ्या बायका शंभरात बाराच्या साडेसहावर आल्या. २००६ ला ते लॅन्सेट ह्या डॉक्टरांच्या नियतकालिकात छापून आलं, आणि पुढं २०११ ला जागतिक आरोग्य संघटनेनं ह्या कामासाठी ती गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. आमच्या गावाकडच्या बायकांनी जगाला शिकवलं म्हणायचं, आणि सीमाप्रश्नाशिवाय बेळगावचं नाव बातमीत येतंय कुठं!

पाळी कायमची जाते तेव्हा पण एक हिशोब आहे, सलग बारा महिने आली नाही की गेली म्हणायचं. आपल्याकडं शेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास जाते. पण चाळिशीच्या आत गेली तर "सुटलीस गं बाई" म्हणायचं नाही, तपासायचं, कारण हाडांचं आणि हृदयाचं राखण करणारं इस्ट्रोजेन लवकर संपलेलं असतं आणि ते बाहेरनं द्यावं लागतं. पिशवी काढलेल्या बायकांचं तसंच. हंगामात बीडकडच्या ऊसतोड टोळ्या आमच्या भागातल्या कारखान्यांना येतात, त्यातल्या तिशीतल्या बायका पिशवी काढून आलेल्या मी बघितल्यात, पाळीचे खाडे नकोत म्हणून. त्यांना विचारलं की बीजकोश ठेवलेत का काढले, तर माहीतच नाही, कागद मुकादमाकडं. बीजकोश पण काढले असतील तर त्या बाईचं शरीर तिशीत पन्नाशीचं झालं की.

दवाखान्यात जाताना तारीख घेऊन जा एवढं करा. आपल्याकडं बायका तारीख सणावर सांगतात, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी आलती, वडगावच्या मंगाईच्या जत्रेत आलती, आणि डॉक्टर असतात कन्नड, त्यांना मंगाईची जत्रा कधी ते कुठलं माहीत. कालनिर्णयवर टिंब करायला काय जातंय, दूधवाल्याच्या रतिबाशेजारी. सरकारी दवाखान्यात मराठी समजणारी नर्स असतेच कुणीतरी, नसली तर मुट्टु, म्हणजे कन्नडमध्ये पाळी, एवढा शब्द पुरतो, बोटांवर महिने दाखवा. आणि प्रोलॅक्टिनचं रक्त द्यायला जायचं असेल तर गाडीवरनं धापा टाकत जाऊन लगेच हात पुढं करू नका, झोपेतनं उठल्या उठल्या पण नको, उठून दोन-तीन तासांनी जा आणि लॅबमध्ये अर्धा तास शांत बसा, कारण धावपळीनं आणि टेन्शननं पण तो आकडा वर जातो आणि मग उगाच एमआरआयपर्यंत प्रकरण जातं. थायरॉईडला उपाशीपोटी लागत नाही, साखर पण बघायची असेल तरच चहा न घेता जा.